मरेक्सच्या विषाणूतला कोणता जीन कोंबडीला कॅन्सर करतो?

शहापूरला तुमच्या मामांची कोंबडी लंगडायला लागली, मेल्यावर चिरली तर यकृतात गाठी. डॉक्टरांनी मरेक्स हा कोंबड्यांचा रोग असल्याचं सांगितलं. पण विषाणूने कॅन्सर होतोच कसा, असं तुम्ही विचारलंय. मी ठाण्यात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. लहानपणी बेलापूरला आजीची एक तलंग अशीच एक पाय पुढे, एक मागे टाकून पडली होती. आजी म्हणायची, अंगावरून वारं गेलं. बिघडलेल्या पांढऱ्या पेशी पायाच्या नसेत शिरतात, म्हणून तसं होतं, हे मला फार नंतर कळलं.

हा हर्पीस गटातला विषाणू. त्याचे जीन शंभराच्या वर, पण गाठींसाठी मुख्य जबाबदार एक : मेक. त्याचं प्रथिन कोंबडीच्याच सी-जून या प्रथिनाशी जोडी जमवतं, टी पेशीच्या (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) डीएनएवर बसतं आणि वाढीचे जीन चालू ठेवतं. पेशी मरायची थांबते, दुभंगत राहते. 2004 साली मेक काढून टाकलेला विषाणू कोंबड्यांना टोचून पाहिला. सुरुवातीला तो शरीरात नेहमीसारखाच वाढला, पण गाठी झाल्या नाहीत! संसर्ग आणि कॅन्सर या दोन गोष्टी इतक्या स्वच्छ वेगळ्या झालेल्या बघून मी आजही थक्क होते.

मेक एकटा मात्र पुरत नाही. पेशी दुभंगताना गुणसूत्रांची टोकं झिजतात. ती भरून काढणाऱ्या टेलोमरेज या एन्झाइमचा आरएनए या विषाणूकडेही आहे, तोही कोंबडीच्या आरएनएशी 88 टक्के जुळणारा; बहुधा कधीकाळी तिच्याकडूनच उचललेला. तो काढला की गाठी कमी होतात. शिवाय एम-4 नावाचा एक मायक्रोआरएनए, म्हणजे इतर जीनना आवर घालणारा इवलासा आरएनए आहे, त्याच्यावाचूनही गाठी जवळजवळ होतच नाहीत.

मामांसाठी महत्त्वाचं : लस पिल्लाला पहिल्याच दिवशी द्यावी लागते, आजारी पक्ष्याला देऊन उपयोग नाही. लस गाठी रोखते, संसर्ग नाही. लस दिलेली कोंबडीही विषाणू बाहेर टाकते. तो पिसांच्या मुळाशी तयार होतो आणि त्वचेच्या कोंड्यातून खुराड्याच्या धुळीत महिनोन्‌महिने टिकतो. म्हणून जुनं तूस काढून खुराडं धुऊन घ्यायला सांगा, आणि नवी पिल्लं पहिले काही आठवडे मोठ्या कोंबड्यांपासून लांब ठेवायला. माणसाला हा रोग होत नाही, तेव्हा घरच्यांनी घाबरू नये.