हेड गॅस्केट बदलल्यापासून जुनी मारुती ८०० (कार्ब्युरेटरवाली) सकाळी लवकर स्टार्ट होत नाही, काय तपासू?

काम झाल्यावरच त्रास सुरू झाला असेल तर आधी ज्या ज्या गोष्टी मेकॅनिकने काढून परत लावल्या त्याच बघा. नवीन पार्ट घेण्याची घाई अजिबात करू नका.

सेल्फ कसा फिरतो ते ऐका. रडत रडत, सावकाश फिरत असेल तर इंजिनाची अर्थिंगची वायर बघा. माझ्या गाडीत ती बोल्टखाली नीट बसलीच नव्हती, टोकाला गंज आणि तेलाचा थर होता. पॉलिश पेपरने घासून आवळली, गाडी अर्ध्या सेल्फमध्ये सुरू. बॅटरीवर मीटर लावा: थांबलेल्या गाडीत साधारण १२.६ व्होल्ट हवेत, सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जाऊ नयेत.

सेल्फ जोमाने फिरतोय पण इंजिन पकडत नाही? मग चोकची (थंड इंजिनासाठी हवा कमी करणाऱ्या झडपेची) केबल बघा. एकाला चोक ओढायला सांगा आणि एअर फिल्टर काढून कार्ब्युरेटरच्या तोंडावरची चोकची पाकळी पूर्ण बंद होते का ते डोळ्यांनी बघा. हेड उतरवताना ही केबल सुटतेच, आणि परत लावताना ढिली राहते. व्हॅक्यूमचा (इंजिनाच्या हवा ओढण्यावर चालणारा) एखादा बारीक पाइप लोंबकळत राहिला असेल तरी हाच त्रास.

हे सगळं ठीक असूनही गाडीला ओढ नसेल, तर टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवणारा दातेरी पट्टा) एक दात चुकलाय का ते त्याच मेकॅनिककडून खुणा जुळवून तपासून घ्या. डिस्ट्रिब्युटर (प्लगना करंट वाटणारा भाग) हलला असेल तर इग्निशन टायमिंगही, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळही.