उतारावरच्या बागेसाठी शिडी: चौथा पाय काढूनच टाका

आंबे काढायला चारही पाय वेगवेगळे वरखाली होणारा घोडा (चार पायांवर उभी राहणारी शिडी) वेल्डरकडून बनवून घ्यायचा तुमचा बेत आहे. माझं मत विचाराल तर तो सोडा. जांभ्या दगडाच्या उतारावर, आंब्याच्या कलमाकलमाखाली चार पाय जुळवत बसावं लागेल, आणि माणूस वर गेल्यावर एक पाय मातीत दोन बोटं रुतला की घोडा पुन्हा डुगडुगणारच. तीन पाय कसल्याही जमिनीवर एकाच वेळी टेकतात. समोर पायऱ्यांचे दोन पसरलेले दांडे आणि मागे एकच पाय, अशी तिपाई शिडी बनवा.

एक गोष्ट मात्र आधीच सांगतो. तिपाई डुगडुगत नाही, म्हणून ती फसवते. घोडा निदान हलून इशारा देतो. तिपाई वाकडी उभी असली तरी गप्प असते आणि कलंडते ती एकदम. त्यामुळे सगळा हिशेब बाजूच्या कलाचा करायचा.

8 फुटी शिडी धरू. खाली दोन दांड्यांत अंतर 1.2 मीटर, वर 30 सेंमी. मागचा पाय पुढच्या पायांच्या रेषेपासून 1.8 मीटर. पायऱ्या 30 सेंमीवर. वरच्या दोन पायऱ्यांवर उभं राहायचंच नाही, म्हणजे माणूस 1.8 मीटरवर आणि त्याचा गुरुत्वमध्य साधारण 2.7 मीटरवर. मागे जाऊ तसा पायांचा त्रिकोण निमुळता होतो, त्यामुळे माणसाच्या खाली मध्यापासून बाजूला जेमतेम 45 सेंमी उरतात. आता आडवा उतार मीटरला 10 सेंमी असेल, तर गुरुत्वमध्य 27 सेंमी सरकतो. उरले 18. वर झेला (आंबे काढायची जाळीची काठी) धरून फांदीकडे झुकलं की तेही संपतात. शिडीच्या बुंध्याची रुंदी कमी करून पैसे वाचवणारे इथेच मार खातात.

म्हणून पुढचा एक पाय लांबी बदलणारा हवा. दोन्ही नकोत, एक पुरतो: भोकांच्या ओळीतल्या मधल्या भोकावर तो दुसऱ्या पायाइतका यावा आणि तिथून 15 सेंमी वर, 15 सेंमी खाली जावा. वरच्या उदाहरणात दोन पायांतला फरक 12 सेंमीच आहे. मागच्या पायाला मात्र 60 सेंमीचा वाव ठेवा, कारण तो नेहमी चढाच्या बाजूला लावायचा आणि आखूड करायचा. उताराकडे तोंड करून मागचा पाय खाली सोडला, तर चढणारा माणूस शिडीवरून पुढे जाईल तसा शिडीला खाली ढकलतो.

बाहेरचा चौकोनी पाइप 38 × 38 × 2 मिमी, आतला 32 × 32. गोल पाइप घेऊ नका, तो फिरतो आणि भोकं जुळत नाहीत. 38 च्या पाइपात आत शिवणीची उभी धार असते, ती घासली नाही तर आतला पाइप अडकतो. दुकानातच एक तुकडा घालून बघा. भोकं 11 मिमी, 5 सेंमीवर. पिन 10 मिमीची, टोकाला स्प्लिट पिन, आणि साखळीने शिडीलाच बांधलेली, नाहीतर पहिल्याच आठवड्यात पिनच्या जागी खिळा दिसेल. आतला पाइप पूर्ण बाहेर काढला तरी 30 सेंमी आत राहायलाच हवा. उरलेली 2 मिमीची फट पायाला थरथर देते. बाहेरच्या पाइपवर 8 मिमीचा नट वेल्ड करून त्यात बोल्ट आवळा.

मागच्या पायाचं वरचं बिजागर 12 मिमी बोल्टचं, पण बुश (बोल्ट ज्यातून जातो ती नळी) निदान 10 सेंमी लांब. आखूड बुश असला की पाय शेपटासारखा बाजूला हलतो. खालच्या दोन पायऱ्या मीटरभर लांब, त्या मध्ये वाकतात. त्यांना दांड्यापासून तिरका टेकू द्या. लोखंडात वजन 25 किलोच्या आसपास जाईल, उचलायला दोघं लागतील. अ‍ॅल्युमिनियमची हवी असेल तर ती वेल्ड करून घेऊ नका, सांध्याजवळ धातू नरम पडतो. पट्ट्या लावून रिव्हेट किंवा बोल्टच.

पायांना 10 × 10 सेंमीची, 5 मिमी जाड पत्रापट्टी आणि तिच्याखाली 5 सेंमीचा खिळा. पट्टी रुतू देत नाही, खिळा सरकू देत नाही. कातळावर खिळा घसरतो, तिथे रबरी बूट चढवा आणि मागच्या पायापासून पुढच्या दोन्ही पायांना साखळ्या लावा.

रोज लागेल अशी एक साधी गोष्ट: वरच्या पायरीच्या मध्यावर सुतळीने जड नट टांगा आणि सर्वांत खालच्या पायरीच्या मध्यावर रंगाची खूण करा. समोरून पाहिल्यावर हा ओळंबा खुणेपासून पाच सेंमीपेक्षा जास्त बाजूला दिसला, तर पिन बदला. भोकं संपली तर चढाकडच्या पायाखालची माती खणा. खालच्या पायाखाली चिरा किंवा दगड रचायचा नाही. दगड कडेवर दाबला गेला की निसटतो.

10 फुटांपुढची तिपाई करून घेऊ नका. तिथून वरचा आंबा लांब बांबूच्या झेल्याने जमिनीवरूनच काढावा. आणि बागेतून वीजवाहिनी जात असेल, तर त्या रांगेत लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमची शिडी न्यायचीच नाही.