मांजराचे दात काढायला एफडी मोडू का?

ताई, तुमचा मेल दोनदा वाचला. सात वर्षांची गुंडी, तोंडातून सारखी लाळ, घाण वास, खायला गेली की ओरडून मागे सरते. दर तीन आठवड्यांनी १,८०० रुपयांचं स्टेरॉइडचं इंजेक्शन चालू आहे आणि आता डॉक्टर म्हणतायत हिरड्यांचा जुनाट आजार आहे, सगळे दात काढा, खर्च ४५,०००. पगार ५२,०००, एसआयपी ५,०००, दीड लाखाची एफडी ७ टक्क्यांनी, आठ महिन्यांनी मॅच्युअर होणार. आणि आई म्हणते मांजरावर कसला एवढा खर्च.

आईंना आधी इंजेक्शनांचा हिशोब दाखवा. वर्षाला १७ इंजेक्शनं म्हणजे ३०,६०० रुपये, रिक्षा वेगळी, आणि दुखणं आहे तिथेच. वर स्टेरॉइड वर्षानुवर्षं दिलं की मांजराला डायबेटिस होऊ शकतो, मग इन्शुलिन आलं. म्हणजे स्वस्त वाटतोय तोच रस्ता दीड वर्षात महाग पडतो.

पण लगेच ४५,००० भरू नका हं. लाळ किडनी बिघडून तोंडात झालेल्या अल्सरनेही गळते, जिभेखाली दोरा अडकला तरी गळते, कॅन्सरच्या गाठीनेही. तसं काही असेल तर दात काढून पैसे पाण्यात. म्हणून आधी ब्लड टेस्ट, एफआयव्ही आणि ल्युकेमिया या मांजरांच्या दोन विषाणूंची टेस्ट, सूज एकाच बाजूला असेल तर बायोप्सी, एवढं करून घ्या. आणि एक प्रश्न नक्की विचारा, डेंटल एक्सरे या ४५ हजारांत आहे का? मुळाचा तुकडा हिरडीत राहिला तर त्रास तसाच राहतो आणि परत भूल, परत बिल, त्यामुळे एक्सरे असलेल्या ठिकाणी चार-पाच हजार जास्त गेले तरी मी तिथेच जाईन. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलमध्येही एकदा विचारून बघा, सेकंड ओपिनियन होईल.

एवढं करूनही गॅरंटी नाही. हिरड्यांच्या या जुनाट आजारात सगळे दात काढल्यावर साधारण तीनातल्या दोन मांजरांना चांगला फरक पडतो, त्यातही काहींना थोडीफार औषधं चालूच ठेवावी लागतात. म्हणून बजेट ४५ नाही, ६० धरा. (दात नसले तरी मांजर मस्त खातं, ती काळजी सोडा, माझा बोका बिनदाताचा आहे आणि माझ्याहून जाड.)

आता पैसे कुठून. एफडी मोडू नका. १ टक्का पेनल्टी धरली तर दीड लाखावर आतापर्यंत झालेल्या सोळा महिन्यांचे साधारण २,००० जातात. त्यापेक्षा एफडीवर ओव्हरड्राफ्ट (ओडी, म्हणजे एफडी तारण ठेवून बँकेकडून उचल) घ्या, एफडीच्या रेटवर १ टक्का जास्त म्हणजे ८ टक्के धरा, ४५,००० आठ महिन्यांत फेडले तर व्याज साडेतेराशेच्या आसपास. हप्ता ५,८०० च्या आत. इंजेक्शन बंद झाली की अडीच हजार तिथून सुटतात, उरलेल्यासाठी एसआयपी आठ महिने दीड-दोन हजारावर आणा, काही बिघडत नाही. कार्डाचा ईएमआय १५ टक्क्यांनी वर्षभराचा घेतला तर व्याज पावणेचार हजारांच्या घरात, त्यावर १८ टक्के जीएसटी, वर प्रोसेसिंग फी. पेट इन्शुरन्स आता घेऊन उपयोग नाही, आधीपासूनचा आजार त्यात धरत नाहीत.

मधल्या काळात दुखतंय म्हणून घरातली क्रोसिन अजिबात देऊ नका, पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. आणि गुंडीने दिवसभर तोंडात काहीच घेतलं नाही तर बँकेच्या कामासाठी थांबू नका, मांजराच्या लिव्हरला उपास झेपत नाही, सरळ कार्ड स्वाइप करून ॲडमिट करा आणि कार्डाचं बिल भरायच्या शेवटच्या तारखेआधी ओडीतून भरून टाका.