एक्लिप्समध्ये स्ट्रट्स २ (जावात वेब अ‍ॅप बनवायचं फ्रेमवर्क) च्या जार, म्हणजे तयार कोडच्या फाइल्स, बिल्ड पाथला जोडल्या, तरी टॉमकॅट (वेब अ‍ॅप चालवणारा सर्व्हर) सुरू करताना 'क्लास नॉट फाउंड' का येतं?

भाऊ, बिल्ड पाथ फक्त कंपाइल करताना कामाला येतो. टॉमकॅट त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही, तो प्रोजेक्टच्या वेब-इन्फ (WEB-INF) फोल्डरच्या आतलं लिब (lib) फोल्डर बघतो. सगळ्या जार तिथे टाक, प्रोजेक्ट रिफ्रेश कर, सर्व्हर क्लीन करून परत चालव. बहुतेकदा एवढ्यावर भागतं.

तरीही अडलं तर टॉमकॅटची आवृत्ती बघ. टॉमकॅट १० पासून पॅकेजचं नाव 'जावाएक्स'चं (javax) 'जकार्ता' (jakarta) झालं आणि स्ट्रट्स ६ (स्ट्रट्स २ चीच पुढची आवृत्ती) अजून जुन्याच नावावर आहे. त्याला टॉमकॅट ९ लाव. १० च हवा असेल तर स्ट्रट्स ७ घे, पण मग जावा किमान १७ लागेल. कॉलेजच्या जुन्या नोट्समधून वेब डॉट एक्सएमएल ही सेटिंगची फाइल उतरवली असेल तर फिल्टरच्या क्लासच्या पूर्ण नावातला 'एनजी' (ng) काढ. स्ट्रट्स २.५ पासून तो नाही. मी धुळ्यात शिकत असताना या दोन अक्षरांपायी अख्खी रात्र घालवली, तीही मे महिन्यात, लाइट जात-येत असताना!

खरं सांगू? एकेक जार गोळा करत बसूच नकोस. मेव्हनचा (लागणाऱ्या जार नेटवरून आपोआप आणणारं साधन) प्रोजेक्ट कर आणि त्याच्या पॉम फाइलमध्ये (pom.xml) फक्त 'स्ट्रट्स२-कोअर' लिही, बाकीचं ते स्वतः आणतं. गावाकडे नेट रडतं म्हणत असशील, तर जळगावातल्या मित्राच्या मशीनवर एकदा बिल्ड कर, त्याच्या होम फोल्डरमधलं 'डॉट एम-टू' (.m2) फोल्डर, जिथे मेव्हन आणलेल्या जार ठेवतं, ते पेनड्राइव्हवर आणून आपल्या होम फोल्डरमध्ये टाक आणि मेव्हन ऑफलाइन चालव.