दुसरी सही

फोंडा, आषाढ

चि. बाबूस,
अनेक आशीर्वाद.

मोबाईलवर पाठवलेला तुझा लांबलचक मजकूर काल रात्री दोनदा वाचला. इतक्या गोष्टींचे उत्तर अंगठ्याने लिहिणे मला जमत नाही, म्हणून कागद घेऊन बसलो आहे. बाहेर पाऊस कोसळतो आहे आणि तुझी काकी शेजारी वाती वळते आहे. तुझे पत्र तिलाही वाचून दाखवले. आमच्यात एकाचे पत्र एकट्याने वाचायची पद्धत नाही, हे तुला ठाऊक असेलच.

तू दोन गोष्टी विचारल्यास. आई म्हणते सांजेचा दिवा सुनेनेच लावायला हवा, आणि सून तर पणजीहून साडेसातच्या आधी घरी पोचत नाही. दुसरे, ती दर महिन्याला माहेरी पाच हजार पाठवते हे आईला कळले आणि तेव्हापासून घरात अबोला आहे. दोन्हींवर लिहितो. पण शेवटच्या ओळीत तू जाता जाता लिहिलेस, "काका, एक प्लॉट बघितलाय, दोन लाख टोकनही दिलंय. तिला अजून सांगितलेलं नाही, सरप्राइज द्यायचंय." माझी नजर तिथेच अडकली. म्हणून आधी त्या ओळीचे.

तुमच्या लग्ननोंदणीच्या दोन सह्यांना मी आलो होतो. अठ्ठावीस वर्षे ज्या कचेरीत कारकून म्हणून बसलो, तिथेच तुमच्या सह्या झाल्या. पहिल्या सहीला तुम्ही दोघे घाईत होतात, तुला पाळीवर जायचे होते. मग दोन आठवडे नोटीस लागली. दुसऱ्या सहीला ती आली तेव्हा तिने पेन उचलले आणि थांबून रजिस्टरातला मजकूर वरपासून खालपर्यंत वाचला. मागे रांग होती. तरी पूर्ण वाचला, मगच सही केली. मला ती पोर त्याच क्षणी आवडली. भटजींनी मंगलाष्टके म्हणून लावलेले लग्न देवाब्राह्मणांच्या साक्षीचे, ते महत्त्वाचेच. पण आपल्या गोव्यात कायद्याने तुम्ही नवराबायको झालात ते त्या दुसऱ्या सहीने.

त्या सहीत काय काय येते, हे तुला कोणी सांगितले नसेल. 1867 सालचा पोर्तुगीज दिवाणी कायदा गोवा मुक्तीनंतरही चालू ठेवला गेला आणि घर-लग्नापुरता तो आजही आपल्याला लागू आहे; वारशाचा भाग तेवढा आता गोव्याच्या स्वतःच्या कायद्यात आला आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता एकत्र होते, दोघांची निम्मी निम्मी. थोडे अपवाद सोडले तर लग्नाआधीची, नंतरची, वडिलोपार्जित, सगळीच. तुम्ही करार केला नव्हता. म्हणजे तो प्लॉट उद्या तुझ्या एकट्याच्या नावावर झाला तरी अर्धा तिचाच. पुढे कधी विकायचा म्हटलास तर तिच्या सहीवाचून विकता यायचा नाही. ज्या वस्तूची ती अर्धी मालकीण होणार, तिचा सौदा तू तिला अंधारात ठेवून केलास. सरप्राइज द्यायचे तर जाईचा गजरा घेऊन जा. जमीन अशी देत नसतात.

कचेरीतली एक गोष्ट सांगतो. एक बाई नवऱ्याबरोबर विक्रीखतावर सही करायला आली होती. साठीची असेल. नवऱ्याने बोट ठेवून दाखवले, हितं कर. तिने पेन हातात धरले आणि माझ्याकडे बघून विचारले, "ह्यात काय लिहिलंय?" नवरा म्हणाला, "तुला काय करायचंय, सही कर." मी खत माझ्याकडे ओढून घेतले आणि तिला मोठ्याने वाचून दाखवले. घरामागची नारळीची बाग विकली जात होती. ती बाई रडली नाही, ओरडली नाही. पेनाचे टोपण लावले, ते टेबलावर ठेवले आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. त्या दिवशी खत झाले नाही. पुढे कधीतरी झाले असेल, मला माहीत नाही. पण टोपण लावल्याचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

आणि हे मी दुसऱ्याचे सांगतो आहे म्हणून मी धुतल्या तांदळासारखा होतो असे समजू नकोस. लग्नाला चार वर्षे झाली असताना एका मित्राच्या कर्जाला मी जामीन राहिलो. काकीला सांगितले नाही. मित्राने हप्ते थकवले आणि पतसंस्थेची नोटीस घरी आली. मी कचेरीत होतो, ती तिच्याच हातात पडली. संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा ती आदोळीवर, म्हणजे विळीवर, बसून नारळ किसत होती. नोटीस बाजूला पाटावर, वर वाटी ठेवलेली, वाऱ्याने उडू नये म्हणून. तिने विचारले, "किती?" मी आकडा सांगितला. ती किसत राहिली. अख्खी कवड संपली, करवंटीवर दाते घासायला लागले तरी हात थांबेना. मग म्हणाली, "मला विचारलं असतंत तर मी नको म्हटलं असतं. म्हणूनच विचारलं नाहीत ना?"

बाबू, पैसे आम्ही अडीच वर्षांत फेडले. तिची एक बांगडी गेली, ती नंतर मी करून दिली. पण त्या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हते आणि आजही नाही. तूही स्वतःला हाच प्रश्न विचार. तिला आनंदाचा धक्का द्यायचा म्हणून लपवलेस, की ती कागद वरपासून खालपर्यंत वाचेल आणि काहीतरी विचारेल म्हणून?

आता पाच हजारांचे. तिने ते लपवून पाठवले नव्हते. तुला माहीत होते, आईला माहीत नव्हते. म्हणजे अबोल्याची जबाबदारी तुझी आहे, तिची नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच पगाराला तू आईला सांगायला हवे होतेस की तिच्या वडिलांचे औषधपाणी चालू आहे आणि त्यातले थोडे आम्ही उचलतो. "ती उचलते" असे नव्हे, "आम्ही उचलतो." आपल्या कायद्यात लेकीला मुलाइतकाच वाटा आहे. तो देताना मात्र भाऊ तिला हक्कसोडीवर सही करायला बोलावतात, आणि बहिणी माहेर तुटू नये म्हणून मुकाट्याने करतात. अशी किती खते माझ्या हातून गेली असतील. जी लेक वाटा न मागता आईबापाच्या औषधाला पैसे देते, तिला सासरी तोंड चुकवून वावरायला लागावे, हे मला बघवत नाही.

एक गोष्ट तुला उपयोगी पडेल. या कायद्याखालच्या नवराबायकोचे घरभाडे, ठेवींचे व्याज असले उत्पन्न आयकरातही दोघांत निम्मे निम्मे वाटून धरतात. पगार तेवढा ज्याचा त्याच्या नावावर राहतो. म्हणजे पगाराचे काय करायचे ते तुम्हालाच ठरवायचे आहे. आम्ही काय केले ते सांगतो. देवघराच्या खालच्या खणात एक वही. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोघांनी बसून लिहायची: आले किती, गेले किती, कोणाकडे. माझी विडी आणि तिची भिशीसुद्धा त्यात. वही देवाखाली ठेवायची कल्पना काकीची. जामीनकीच्या त्या प्रकरणानंतर तिने ती तिथे ठेवली आणि त्यावर एक शब्द बोलली नाही.

दिव्याचे सांगतो. तुझी पहिली पाळी तीनला सुटते, कंपनीची बस तुला साडेचारपर्यंत फोंड्याच्या तिस्कावर सोडते. सूर्य मावळताना घरात कोण असते? तू असतोस. मग दिवा तू लाव. देवळात सगळी पूजा पुरुषाच्या हातून चालते, त्याला कोणी नाव ठेवत नाही. मग घरच्या तुळशीपुढची पणतीच तेवढी बाईने लावायची, हे कुठल्या पोथीत सांगितले आहे? ती बाणस्तारीच्या पुलावर बसमध्ये अडकून उभी असताना घरी दिवा लागलेला आहे हे तिला कळले, तर तिचा तो अर्धा तास जरा हलका होईल. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात वहिनींनी लावावा. सुट्टीच्या दिवशी तिने.

पण वहिनींचे म्हणणे नुसते जुन्या वळणाचे म्हणून बाजूला सारू नकोस. पस्तीस वर्षे त्या बाईने एक सांज चुकवली नाही. लग्नकार्य असो, माहेरी आजारपण असो, दिवेलागणीला ती घरी. मागच्या महिन्यात तुमच्याकडे आलो तेव्हा मी पाहिले. अंगणातल्या लाद्यांवर शेवाळ धरले आहे आणि वहिनी एका हातात पणती, दुसऱ्या हाताने भिंत धरून तुळशीपर्यंत जातात. गुडघे दुखतात असे तोंडाने म्हणणार नाहीत, दिवा सुनेने लावावा असे म्हणतात. उद्याच्या उद्या ब्रश घेऊन ते शेवाळ घासून काढ. आधी ते कर, मग दिव्यावर आईशी बोल.

तू म्हणतोस, पाळ्यांमुळे देवाधर्माला वेळच मिळत नाही, आणि त्याची तुला आतून टोचणी आहे. टोचणी आहे ते मला बरे वाटले. आता हे बघ. तुमची म्हाळसा आज म्हार्दोळला आहे, पण मूळची कुठली? वेर्ण्याची. सोळाव्या शतकात तिकडे देवळे पाडू लागले तेव्हा लोकांनी देवीला उचलले आणि जुवारी ओलांडून या तीरावर आणले. जुन्या म्हार्दोळला, वेर्ण्यात, तिचे देऊळ आता पुन्हा उभे राहिले आहे. तू रोज बोरीच्या पुलावरून तीच नदी ओलांडून त्याच वेर्ण्याला कामाला जातोस. पूल आला की एकदा हात जोड, खिडकीतून नदीकडे बघ. तेवढे नामस्मरण मला पुरेसे वाटते. रविवारी देवीची पालखी असते, त्या दिवशी दोघे मिळून जा. वाटेवर जाई विकायला बसलेल्या बायकांकडून गजरा घे, मघाशी म्हटले तो.

त्या देवळातल्या घंटेचे ऐकले आहेस का? जुनी माणसे सांगतात, त्या घंटेला एरवी लोळा नसे. कोणाला साक्ष द्यायची असेल तेव्हाच लोळा बसवायचे. घंटा वाजवून जो बोलेल ते खरे, खोटे बोलला तर देवी तीन दिवसांत शासन करणार, अशी श्रद्धा. पोर्तुगीज अमलातही ती साक्ष मानत, असे म्हणतात. आजोबा मला पहिल्यांदा ते दाखवायला घेऊन गेले तेव्हा मी सात-आठ वर्षांचा होतो आणि रात्रभर मला झोप लागली नव्हती.

तिची देवी फातर्प्याची, हे विसरू नकोस. पौषात जत्रा येईल तेव्हा रजा आतापासून टाकून ठेव आणि "तुमच्या देवीची जत्रा" असे म्हणू नकोस. श्रावण लागला की तिचे आयतार, म्हणजे रविवारची पूजा, सुरू होतील, पत्री आणायला सकाळी तू जा. आणि चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. पहिल्या चवथीचे ओझे, म्हणजे माहेरची भेट, म्हणून तिचे वडील ऐपतीबाहेर खर्च करतील, औषधाचे पैसे बाजूला ठेवून करतील. तू स्वतः जाऊन त्यांना सांग की पाच नारळ आणि घरच्या नेवऱ्या एवढेच आम्हाला हवे. फोनवर सांगू नकोस, ते ऐकायचे नाहीत. समोर बसून सांग. गणपतीवर फळाफुलांची माटोळी मात्र दोघांनी मिळून बांधा. कांगलांची रानफळे कुठे टांगायची, सुपारीचा कातरा (घड) कुठे, यावर दोन घरांच्या दोन रीती असतात. तिची एखादी रीत तुमच्या माटोळीत येऊ दे.

आता प्लॉट. आजच रात्री तिला सांग. "सांगायचे राहून गेले" असे म्हणू नकोस, "लपवले" असेच म्हण. ती चिडेल, चिडू दे. मग येत्या रविवारी दोघे माझ्याकडे या आणि सगळे कागद घेऊन या. जमिनीच्या हक्कनोंदीचा एक-चौदाचा उतारा, सर्व्हे प्लॅन, बिगरशेती वापराची सनद झाली असेल तर ती सनद, आणि झोनिंगचा दाखला. जमीन सेटलमेंटमध्ये, म्हणजे वस्तीच्या पट्ट्यात, आहे की ऑर्चर्डमध्ये, म्हणजे बागायतीच्या, हे आधी बघायला हवे. बागायती जमिनीचे तुकडे पाडून प्लॉट म्हणून विकलेले मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि घर बांधायला गेलेली माणसे हात चोळत परत आलेलीही. वारसांची इन्व्हेंटरी, म्हणजे वाटणीची कायदेशीर कारवाई, झाली आहे का तेही विचारून ठेव. आणि टोकन घेऊन त्यांनी तुला जो कागद दिला, त्यावर विकणाऱ्याच्या बायकोची सही आहे का ते बघ. नसेल तर पुढचा एक रुपयाही देऊ नकोस.

ते कागद मी वाचणार नाही. तिच्या हातात देईन आणि तिलाच वाचायला सांगेन. ती वरपासून खालपर्यंत वाचते, हे मी पाहिले आहे. अडेल तिथे मी आहेच.

काकी म्हणते, जेवायलाच या. मासेमारीची बंदी उठेपर्यंत ताजे नुस्ते (मासळी) मिळायचे नाही, म्हणून भाज्यांचे खतखते करणार आहे. अंगणातल्या तिरफळाला यंदा बरी फळे धरली आहेत. वहिनींनाही घेऊन या. आमच्या पायऱ्या मी कालच घासून घेतल्या आहेत.

तुझा,
काका