शेंगदाण्यातलं अफ्लाटॉक्सिन एलायझानं तपासावं की एचपीएलसीनं?

अफ्लाटॉक्सिन म्हणजे बुरशीनं दाण्यात तयार केलेलं विष; एलायझा आणि एचपीएलसी या ते मोजायच्या दोन पद्धती. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चटणीसाठी आणलेल्या एकाच पोत्यातले पाव-पाव किलो दाणे तुम्ही दोन लॅबना पाठवलेत. एका लॅबला एलायझानं 9 पीपीबी (एक पीपीबी म्हणजे किलोत एक मायक्रोग्रॅम) मिळालं, दुसरीला एचपीएलसीनं 21. खरं कोणतं, आणि पुढे पैसे कुठल्या तपासणीवर खर्च करायचे?

मी अन्नतपासणीच्या लॅबमध्ये याच विषांवर काम करतो. माझं मत असं की दोन्ही आकडे खरे असू शकतात. फरक पद्धतीपेक्षा त्या दोन पाव किलोंमध्ये असण्याची शक्यता जास्त.

बुरशी सगळ्या पोत्याला सारखी लागत नाही. बहुतेक दाणे अगदी स्वच्छ असतात आणि मोजक्या दाण्यांत विष साठलेलं असतं. एकेका दाण्यात 10 लाख पीपीबीच्या पुढे अफ्लाटॉक्सिन मोजलं गेलं आहे. असा अर्ध्या ग्रॅमचा दाणा म्हणजे 500 मायक्रोग्रॅम विष. तो 20 किलो मालात मिसळला तरी सगळ्याची सरासरी 25 पीपीबी होते. आपल्याकडे एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेची मर्यादा पुढे प्रक्रिया करायच्या मालाला 15 आणि थेट खायच्या मालाला 10 आहे. म्हणजे एका दाण्यानं 20 किलो माल नापास! पाव किलोत जेमतेम पाचशे दाणे येतात. त्यात तो एक आला की आकडा हजारांत, नाही आला की काहीच नाही. म्हणूनच युरोपच्या नियमांत मोठ्या लॉटमधून ठिकठिकाणचे दाणे काढून 20 किलोपर्यंतचा नमुना घेतात. तुम्हाला एवढं जमणार नसेल तरी प्रत्येक पोत्यातून वर-मध्ये-खाली परखी (दाणे काढायची टोकदार नळी) घालून निदान पाच किलो गोळा करा. तो सगळा दळून, नीट कालवून मगच त्यातलं पीठ लॅबला द्या. दोन लॅब पडताळायच्या असतील तर त्याच पिठाचे दोन भाग करा. इतक्या सूक्ष्म प्रमाणात एकाच पिठावरही दोन लॅबमध्ये वीसेक टक्क्यांचा फरक गृहीतच धरतात, पण 9 आणि 21 इतका क्वचित पडतो.

आता पद्धती. एलायझात विष ओळखणारी प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) वापरतात. शेवटी येणारा रंग जितका फिका तितकं विष जास्त. स्वस्त आहे, एका प्लेटमध्ये बरेच नमुने बसतात, तासाभरात उत्तर मिळतं. पण अफ्लाटॉक्सिनचे बी1, बी2, जी1, जी2 असे प्रकार असतात; प्रतिपिंड बी1 चांगलं पकडतं, जी1 आणि जी2 बऱ्याचदा कमी. शिवाय किट ज्या पदार्थासाठी पडताळलेलं असतं त्याच्याबाहेर आकडा भरकटतो. त्यामुळे तयार चटणी एलायझाला देऊ नका, कच्चे दाणे द्या. लसूण, तेल आणि तिखटाचा रंग यांनी मोजणीत गोंधळ होतो. आणि हो, तिखट वेगळं तपासा. मिरचीतही अफ्लाटॉक्सिन असतं, हे चटणीवाले सहसा धरतच नाहीत.

एचपीएलसीत आधी इम्युनोअॅफिनिटी कॉलममधून (प्रतिपिंडं भरलेल्या नळीतून) अर्क गाळून फक्त विष मागे ठेवतात, मग बी1, बी2, जी1, जी2 वेगळे करून त्यांच्या अतिनील प्रकाशातल्या चमकेवरून मोजतात. गोम अशी की पाणीमिश्रित द्रावणात बी1 आणि जी1 यांची चमक मंदावते. ती वाढवायला ब्रोमिन किंवा अतिनील दिव्याची प्रक्रिया करावी लागते, तिलाच डेरिव्हेटायझेशन म्हणतात. लॅबला सरळ विचारा, 'डेरिव्हेटायझेशन कसं करता? रिकव्हरी किती टक्के येते?' रिकव्हरी म्हणजे मुद्दाम मिसळलेल्या विषापैकी मोजणीत परत सापडणारा वाटा. उत्तर चाचपडत आलं तर दुसरी लॅब बघा. एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी संस्था) हिच्या स्कोपमध्ये, म्हणजे मान्य तपासण्यांच्या यादीत, शेंगदाणा आणि अफ्लाटॉक्सिन दोन्ही नावं आहेत का, तेही पाहा. नुसता लोगो पुरेसा नाही.

एलसी-एमएसएमएस ही तिसरी पद्धत महाग. ऑक्राटॉक्सिन, फ्युमोनिसिन अशी बुरशीची अनेक विषं एका दमात हवी असतील तरच घ्या. फक्त शेंगदाण्यासाठी तुम्हाला त्याची गरज नाही.

तुमच्या जागी मी येणारा प्रत्येक लॉट एलायझानं तपासला असता. 6-7 पीपीबीच्या वर गेलेला माल बाजूला ठेवून त्याच पिठावर एचपीएलसी केली असती. निर्यात करायची असेल तर मात्र थेट एचपीएलसीच. युरोपात थेट खायच्या शेंगदाण्याला एकूण 4 आणि बी1 ला 2 पीपीबी एवढीच मुभा आहे.

भाजल्यानं विष थोडं कमी होतं, जात नाही. काळपट, सुरकुतलेले, फुटके दाणे हातानं किंवा सॉर्टेक्सवर (रंगावरून दाणे निवडणाऱ्या यंत्रावर) काढून टाकल्यानं खूप जास्त फरक पडतो. पण ते काढलेले दाणे स्वस्तात घाण्याला विकू नका. तिथं विषाचा मोठा वाटा पेंडीत उरतो, पेंड दुभत्या जनावराला जाते आणि दुधात एम1 हे अफ्लाटॉक्सिनचंच रूप उतरतं. हे विष जीवही घेतं: 1974 मध्ये राजस्थानातल्या बांसवाडा, डुंगरपूर आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात बुरशीचा मका खाऊन शंभरावर माणसं यकृत निकामी होऊन गेली. म्हणून ते काढलेले दाणे जाळून टाका.