वाडीपासून सुरू कर

पोरी,

तुझा मेसेज रात्री वाचला आणि सकाळी परत वाचला. आजी-आजोबांच्या लग्नाला साठ वर्षं होतायत म्हणून घराण्याचा इतिहास लिहायला घेतलास, त्याचं वेगळं कौतुक करत बसत नाही, घरातल्या कुणीतरी हे करायलाच हवं होतं. पण तू पाठवलेली वंशावळ बघून जीव कासावीस झाला बघ. पणजोबांच्या वर कोरं, खाली सगळे पुरुष, आणि मध्येच तुझा प्रश्न की आडनाव पोर्तुगीज आहे तर आपण मूळचे कोण, डीएनए टेस्ट करू का, काका म्हणतात लिस्बनला नातेवाईक निघतील. गोंधळणारच ना! आडनाव धरून निघालीस म्हणून हे झालं. आडनाव सोड, आपली बागायत जमीन, म्हणजे वाडी, ती धर. वाडीपासून सुरू कर.

आपली वसई पोर्तुगीजांकडे 1534 ला गेली आणि 1739 ला चिमाजी अप्पांनी घेतली. त्या दोनशे वर्षांत बाप्तिस्मा देणाऱ्या फादरचं नाहीतर धर्मपित्याचं आडनाव लोकांना लागलं, त्यामुळे इथल्या नंदाखालचे, सांडोरचे आणि तिकडे मंगलोरचे एकाच आडनावाचे लोक एकमेकांचे कुणी लागतीलच असं नाही. पोर्तुगीज पाद्री गेले, गोव्याकडचे देशी फादर येऊन पॅरिश सांभाळत राहिले, आणि आपली माणसं तीच केळी, तीच पानवेल, तोच रहाट धरून इथेच राहिली. जमीन जागची हलली नाही. मग तिलाच विचार ना.

आता काय करायचं ते सांगते. आजोबांच्या वाडीचा सातबारा काढ, पण त्यावर थांबू नकोस, सगळे तिथेच थांबतात. त्यावर फेरफार नंबर असतात, म्हणजे जमिनीवरचे हक्क बदलले त्या नोंदींचे, ते एकेक करून मागे मागे जा, गाव नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवही, ती तलाठ्याकडे नाहीतर तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये मिळते. जुना सर्व्हे नंबर वेगळा असेल तर तोही शोध. खूप मागे गेलीस की मोडी लिपी लागेल, तेव्हा वाचणारा गाठावा लागेल, त्याला घाबरू नकोस. तुमची खालची वाडी कुळाची होती हे मला पक्कं माहितीय, म्हणजे 1948 चा कुळकायदा, 1 एप्रिल 1957 चा कृषक दिन, त्या दिवशी कसणारं कूळच मालक मानलं गेलं, मग त्या कायद्याच्या कलम 32 ग ची केस, किंमत ठरली, ती भरली आणि कलम 32 म चं खरेदीचं सर्टिफिकेट मिळालं. तो कागद घरातल्या ट्रंकेत असणार. त्यावर नाव एकट्या पणजोबांचं असेल. पण ते हप्ते कशातून भरले विचार आजोबांना. राजेळी केळी सुकवून सुकेळी करायला उन्हात कोण बसायचं, पहिल्या लोकलने फुलांच्या टोपल्या घेऊन दादरला कोण जायचं. पणजीच ना? तिचं नाव तुझ्या वंशावळीत नाही!

आणि ते नाव वाडीच्या कागदातच सापडेल, म्हणून तर एवढा जीव तोडून सांगतेय. पणजोबा वारले तेव्हा वारसाचा फेरफार झाला असणार, त्यात विधवा पत्नी, मुलगे, आणि लग्न झालेल्या मुली सासरच्या नावासकट लिहिलेल्या असतात. कधी मुलींची नावं सातबाऱ्यावर नुसती ‘इतर हक्क’ या रकान्यात टाकून ठेवलेली असतात, तेही बघ. ज्या आत्याआज्यांची नावं घरात कुणाला आठवत नाहीत त्या तिथे ओळीने सापडतील. मग पुढच्या एखाद्या फेरफारात हक्कसोडपत्र, म्हणजे बहिणींनी भावांसाठी आपला हिस्सा सोडल्याचा कागद. स्वखुशीने, कोणताही मोबदला न घेता. खाली अंगठे.

तुझ्या आजीनेही तिच्या माहेरच्या वाडीवर अशीच सही केलीय. तिला विचार का केली. ती आधी टाळेल, भाऊ कसे चांगले होते ते सांगेल, तरी विचार, आणि काय म्हणते ते जसंच्या तसं लिही, गोड करू नकोस. साठ वर्षांच्या संसाराचा इतिहास लिहिणार आणि ती कुठली वाडी मागे सोडून आली तेच त्यात नाही, हे मला चालणार नाही.

मी सही केली नव्हती. तुला हे कुणीतरी वेगळ्या सुरात सांगितलं असेल, मावशीने भावांशी भांडण काढलं वगैरे. वडील गेल्यावर कागद तयार होऊन समोर आला, पेनही बरोबर होतं. मी म्हटलं माझा हिस्सा माझ्या नावावर राहील, कसेन मी. आपल्या ख्रिस्ती लोकांना वारसाहक्काचा इंडियन सक्सेशन ॲक्ट लागतो, 1925 चा, त्यात मुलगा-मुलगी असा फरकच नाही, विधवेला एक तृतीयांश आणि बाकीचं मुलामुलींना सारखं. केरळात मेरी रॉय या ख्रिस्ती बाईंना मुलीच्या सारख्या हिश्शासाठी सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं, 1986 ला निकाल आला. इथे कायदा पहिल्यापासून आपल्या बाजूने, तरी पोरी सही करून मोकळ्या होतात. भावांनी लग्नाकार्याला बोलावणं बंद केलं. भाचरं मोठी झाली ती मला लांबूनच दिसली, त्याचं वाईट वाटतं, रात्री झोप लागत नाही कधीकधी, खोटं कशाला बोलू. पण सही केली असती तर आज तिथे बिल्डिंग असती, बावखल, म्हणजे वाडीतलं तळं, कधीच बुजवलं असतं आणि माझ्या आईने लावलेला चाफा गेला असता. ती वाडी मी राखली. हट्टीपणा म्हणतात तर म्हणू देत, मी बरोबरच केलं.

असो, तुझ्याकडे येते. चर्चची रजिस्टरंही लागतीलच, फक्त वाडीनंतर. वाडीच्या कागदातून पणजीचं नाव, आत्यांची सासरची गावं हाताशी आली की फादरना नेमकं विचारता येतं, नाहीतर तू जाऊन नुसतं आडनाव सांगणार आणि त्या आडनावाची निम्मी पॅरिश. बाप्तिस्म्याची जुनी नोंद लॅटिनमध्ये असेल, आई, बाप, धर्ममाता, धर्मपिता. आणि समासात बघायला विसरू नकोस! 1908 पासून लग्न झालं की त्याची नोंद बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी करायचा नियम आहे, म्हणजे आजीच्या माहेरच्या पॅरिशमध्ये तिच्या नावापुढे आजोबांचं नाव, लग्नाची तारीख आणि चर्च लिहिलेलं असायला हवं. दोघांचा इतिहास जोडणारी ती एक ओळ आहे, तिची कॉपी फादरकडे रीतसर मागून घे.

डीएनए टेस्टचे पैसे ठेव बाजूला, तहसीलच्या नकलांना लागतील.

आणि आजोबांना घेऊन एकदा वाडीत फिर. गुडघे दुखतात म्हणतील, हळूहळू चाला. बांध कुठे होता, रहाट कुठे होता, विहीर खारी कधी झाली, बावखल कुणाच्या सामाईकीत होतं, हे दाखवताना त्यांना माणसं आठवतील, सोफ्यावर बसून मोबाईल पुढे धरलास तर काही आठवणार नाही. आजीलाही बरोबर घे, ती त्यांना मध्येमध्ये दुरुस्त करेल, तेही लिहून घे. दोघांचं जुळत नसेल तर दोन्ही लिही.

पुढच्या रविवारी मिस्सा झाल्यावर माझ्याकडे ये, जेवायलाच ये. पण येताना सर्व्हे नंबर आणि निदान एक फेरफार हातात हवा. तो नसेल तर त्याच्या पुढच्या रविवारी ये.

तुझी मावशी